राहणार कितीजण?

"मोरीचा उतार उलटा आहे," सासूबाई म्हणाल्या.

पगारनं वाकून मोरीत बघितलं. पगार हा आमचा एजंट. नाशिकच्या त्या भागातली भाड्याची घरं त्याला तोंडपाठ होती, आणि त्यातली बरीचशी आम्हाला दाखवून झाली होती.

"मावशी, बरोबर तर आहे उतार."

सासूबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि मोरीत ओतली. पाणी भिंतीशी जरा घुटमळलं आणि मग सावकाश ओट्याच्या दिशेनं यायला लागलं.

"बघा. ही पहाटे उठून डबा करून जाणार, संध्याकाळी दमून येणार, आणि वर ओट्याखालचं पाणी पुसत बसणार. नको हे घर."

पगारनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत होते. समोरच्या गच्चीवर कुणीतरी गोधड्या वाळत घातल्या होत्या.

"मॅडम, तुम्हीच सांगा आता. मागच्या घराला नाल्याचा वास, त्याच्या मागच्याला ऊन नाही. घर तुम्हाला घ्यायचंय की मावशींना?"

"जाऊ द्या, दुसरं बघू," मी म्हणाले. खरं तर त्या दिवशी मी इतकी थकलेली होते, की कुणी एक सतरंजी टाकून दिली असती तर त्या उलट्या उतारासकट मी तिथंच झोपले असते.

तेव्हा मी अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगला सुपरवायझर होते. दिवसभर उभ्यानं काम. रविवार तेवढा मोकळा, आणि दिवाळीपासूनचे सगळे रविवार घरं बघण्यात गेले होते. त्या आठवड्यात शनिवारची दुपारही त्यातच गेली. आम्ही राहत होतो त्या फ्लॅटच्या मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. माणूस भला. "संक्रांतीपर्यंत बघा कुठं तरी," असं म्हणाला होता. संक्रांत आता फार लांब नव्हती.

आम्ही म्हणजे मी आणि सासूबाई, द्वारकाबाई कोठावदे. माझा नवरा श्रीरंग बदली झाली म्हणून वापीला गेला आणि तिथं दुसऱ्या एका बाईबरोबर राहायला लागला. मला त्यानं ते फोनवर सांगितलं. सासूबाई तेव्हा माझ्या शेजारी बसून मेथी निवडत होत्या. फोन ठेवल्यावर मी त्यांना सांगितलं. त्यांनी राहिलेली मेथी निवडली, भाजी केली, आम्ही दोघी जेवलो. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले, संध्याकाळी आले, तर त्या घरातच होत्या. मी जाऊ का, असं त्यांनी विचारलं नाही. राहा, असं मी म्हटलं नाही. आणि तशीच वर्षं गेली.

घर शोधायला लागलो तेव्हा मात्र दोघी बायका बघून प्रत्येक घरमालक आधी विचारायचा, "मिस्टर कुठं असतात?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई सांगून टाकायच्या, "मस्कतला." झालं. एकानं सांगितलं, मिस्टर आले की घेऊन या, करार त्यांच्या नावावर करू. दुसऱ्याला त्यांच्याशी फोनवर बोलायचं होतं. तिसऱ्याचा साडूच मस्कतला होता. त्यानं विचारलं, "मस्कतमध्ये कुठल्या बाजूला?" सासूबाई जराही न अडखळता म्हणाल्या, "समुद्राकडे."

घराबाहेर पडल्यावर मी म्हणायची, "आई, कशाला सांगता हे?" त्या म्हणायच्या, "तुला नाही कळायचं." मला वाटायचं, आई आहे, पोराची अब्रू झाकतेय. पुढं बोलायचं त्राण नसायचं.

त्यात त्या वर्षी श्रीरंगला मुलगा झाला होता. तेव्हापासून त्याचे फोन वाढले होते. आईला घेऊन जातो म्हणायचा. सासूबाई फोनवर काय बोलतात ते स्वयंपाकघरात ऐकू यायचं. "ज्योत्स्नाचं घर लागू दे. तिचं एकदा मार्गी लागलं की येते." दर वेळी हेच. नातवाची ओढ असणारच, मी मनाशी म्हणायचे. एका संध्याकाळी कामावरून परतताना मी एका लेडीज हॉस्टेलमध्ये नाव देऊन आले. एकटीला कितीशी जागा लागते?

त्या शनिवारी, मोरीचं घर नाकारून आलो आणि मी पाय गरम पाण्यात सोडून बसले. सासूबाई बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत होत्या. मग दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हॉस्टेलमधून फोन होता. कॉट रिकामी झालीय म्हणे. सोमवारपर्यंत कळवा म्हणाल्या."

मी पाण्यात बघत होते. "बरं."

"जागा बरी आहे का?"

"आत जाऊन नाही बघितली."

"जेवण असतं का तिथंच?"

"असतं."

"मग चांगलं आहे. आल्यावर तुला करायला नको." त्या आत जायला वळल्या आणि पुन्हा फिरल्या. "श्रीरंग उद्या येतोय. दुपारून. गाडी घेऊन येतोय."

"तुम्हाला न्यायला?"

"न्यायला म्हणतोय."

"मग तुमचं काय ठरलंय?"

"सकाळी ते पगारनं सांगितलेलं घर बघून येऊ आधी," असं म्हणून त्या आत गेल्या. डब्याच्या झाकणाचा आवाज आला. त्यांनी त्या आठवड्यात डिंकाचे लाडू केले होते, ते मोजूनमापून कागदात बांधत होत्या.

पगारला रविवारी दुसरं गिऱ्हाईक होतं, म्हणून त्यानं नुसता पत्ता दिला होता. पाथर्डी फाट्याच्या आतल्या बाजूला बंगल्यांची एक जुनी कॉलनी होती. माझ्या स्कूटीवर सासूबाई मागं एका अंगानं बसल्या होत्या. मुख्य रस्ता सोडून आत वळलो आणि एकदम सगळा आवाजच बंद झाला. रस्त्यावर कडुनिंबाची सावली, बंगल्यांच्या आवारात पेरूची झाडं, आणि माणूस एकही नाही. पलीकडच्या गल्लीत कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली ती इथं स्पष्ट ऐकू आली.

"व माय," सासूबाई मागून पुटपुटल्या. त्या मूळच्या सटाण्याच्या. "इथं माणसं राहतात ना?"

दशपुत्रे नावाच्या बाईंचं घर होतं. साठी उलटलेल्या, उंच, पदर खोचलेला. फाटकापाशीच त्यांनी आम्हाला हातानं थोपवलं.

"हळू बोला हं. ह्यांचा आत्ताच डोळा लागलाय."

त्यांच्या मिस्टरांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. ते पुढच्या खोलीत पडून असत, बोलणं गेलं होतं. बंगल्याचा मागचा भाग भाड्यानं द्यायचा होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, स्वतंत्र दार. पायऱ्या म्हणाल तर एकच. मागच्या अंगणात कढीपत्त्याचं झाड.

सासूबाईंनी आपली तपासणी सुरू केली. नळ सोडून बघितला, पाण्याला जोर होता. खिडक्या उघडल्या, ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत आलं. कड्या लावून बघितल्या, हाताच्या मुठीनं भिंत ठोकून बघितली. बाटली काढून मोरीत पाणी ओतलं, ते सरळ भोकाशी गेलं. मग रिकामी बाटली हातात घेऊन त्या नुसत्याच उभ्या राहिल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. चांगलं आहे घर." आवाज इतका बारीक होता की मला वाटलं, दशपुत्रेबाईंनी हळू बोलायला सांगितलं म्हणून असेल.

दशपुत्रेबाईंनी आम्हाला मागच्याच खोलीत खुर्च्या दिल्या आणि स्वतः खिडकीच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. मला माझं काम विचारलं, कारखान्याचं नाव विचारलं. मग म्हणाल्या, "आणि मिस्टर?"

"मस्कतला असतो," सासूबाई म्हणाल्या.

"मस्कतला? काय करतात तिथं?"

सासूबाई उत्तर जुळवायला लागल्या. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. समुद्र, कंपनी, सुट्टी, करार, फोन, सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकायची माझ्यात ताकदच उरलेली नव्हती.

"मस्कतला कुणी नाही," मी म्हणाले. "माझा नवरा वापीला असतो. दुसऱ्या बाईबरोबर राहतो. त्यांना मुलगा झालाय. आमचा त्याच्याशी काही व्यवहार नाही. भाडं मी देईन, सही मी करीन."

दशपुत्रेबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सासूबाईंकडे.

"आणि ह्या? ह्या तुमच्या आई ना?"

"सासूबाई."

"म्हणजे त्यांच्या आई," बाई म्हणाल्या. त्यांचा सूर वाईट नव्हता. खरंच त्यांना उलगडत नव्हतं. "मग ह्या तुमच्याकडे कशा?"

सासूबाई उठल्या. "मी बाहेर थांबते," म्हणाल्या, आणि चपला घालून फाटकाकडे निघून गेल्या. त्यांना जाताना मी बघत राहिले. बाई उत्तराची वाट बघत होत्या.

"आहेत," मी म्हणाले.

दशपुत्रेबाईंनी मान हलवली, जणू तेवढं पुरेसं होतं. मग विचारलं, "बरं, राहणार कितीजण?"

रोज कुणीही विचारतो तसा साधा प्रश्न. श्रीरंग एव्हाना निघाला असेल. हॉस्टेलची कॉट रिकामी होती, तिथं ताट वाढून मिळणार होतं, कुणी मोऱ्या तपासणार नव्हतं, कुणाच्या गोळ्या लक्षात ठेवाव्या लागणार नव्हत्या. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. आलं नाही असं नाही.

"दोघी," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

बाई कठड्यापासून दूर झाल्या आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. "मग मला चालेल. खरं सांगू का, एकट्या बाईला मी दिलं नसतं. दिवसभर मागं कुलूप असून मला काय उपयोग? मला ह्यांना तासभर सोडून बाहेर जायचं म्हटलं तरी धाकधूक असते. मागं एक मोठं माणूस असेल तर हाकेला बरं. एक तारखेला या राहायला."

मी बाहेर आले तेव्हा सासूबाई फाटकाबाहेर स्कूटीपाशी उभ्या होत्या.

"झालं?"

"झालं. एक तारखेपासून."

"छान झालं. तुझं मार्गी लागलं."

"दोघींसाठी घेतलंय."

त्या माझ्याकडे न बघता स्कूटीच्या आरशावरची धूळ पदरानं पुसत होत्या. "काय विचारलं त्यांनी?"

"कितीजण राहणार ते."

"एकटीला द्यायच्या नसतील त्या."

मी चमकले. "नाही. एकटीला नव्हत्या देणार."

"तरीच," त्या म्हणाल्या.

"तरीच काय?"

"घर मिळावं म्हणून सांगितलंस. बरोबर केलंस. उन्हातान्हात किती फिरायचं माणसानं. श्रीरंगबरोबर गेले की नंतर सांगून टाक, सासू गेली म्हणावं. राहायला आलेल्याला काढत नाहीत कुणी."

"आई, दोघी असं मी आधी म्हणाले. एकटीला दिलं नसतं हे त्यांनी मागून सांगितलं."

"असेल."

"असेल काय? तसंच झालंय! तुम्ही बाहेर निघून आलात, तुम्हाला काय माहीत?"

माझा आवाज चढला होता. त्या रस्त्यावर तो केवढा तरी मोठा वाटला. समोरच्या बंगल्याच्या गच्चीवर एक गृहस्थ पेपर खाली करून आमच्याकडे बघायला लागले. पण मला थांबता येईना.

"तुम्हाला नातवाकडे जायचंय ना? जा की. मी कधी अडवलंय? पण मी घरासाठी खोटं बोलले असं म्हणू नका."

"मला कुठं जायचंय?" सासूबाई म्हणाल्या.

"मग दर वेळी फोनवर काय सांगता? ज्योत्स्नाचं घर लागलं की येते, ज्योत्स्नाचं घर लागलं की येते."

"लागू देत होते का मी?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी आरसा पुसायचा थांबवला होता.

"कालच्या मोरीचा उतार चांगला होता," त्या म्हणाल्या. "मी पाणी मुद्दाम कडेला ओतलं. तिथं फरशी जरा खचलेली होती. त्या नाल्याला पण एवढा काही वास नव्हता."

"आणि मस्कत? ते पण त्याच्यासाठीच?"

"नाही. ते वेगळं." त्यांना बोलायला जड जात होतं. "खरं सांगितलं की लोक पुढचं विचारतात. आत्ता त्या बाईंनी विचारलंच ना. पोरगा गेला, मग ही म्हातारी तुमच्याकडे कशी. इतकी वर्षं तुला कुणी हे विचारलं नव्हतं. मला वाटायचं, एकदा कुणी तुझ्यासमोर विचारलं की तुझ्याही मनात येईल. खरंच, ही माझ्याकडे कशाला?"

गच्चीवरच्या गृहस्थांनी पुन्हा पेपर वर केला.

"त्यात कालचा तो फोन आला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आलं मनात."

"थकले होते म्हणून नाव दिलं होतं, आई."

"मला काय दिसत नाही का तू थकतेस ते? म्हणून तर म्हटलं, जावं."

मला त्यांच्याजवळ जावं, हात धरावा असं वाटलं, पण आमच्यात तशी पद्धत नव्हती. मी स्कूटीची किल्ली चाचपत उभी राहिले.

"राहा," मी म्हणाले.

"काय?"

"राहा म्हणतेय. माझ्याकडे राहा."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग इकडेतिकडे बघितलं. "हळू बोल," त्या म्हणाल्या. "आपल्याला इथं राहायचंय. माणसं शांत दिसताहेत."

श्रीरंग चारच्या सुमाराला आला. त्याचं वजन वाढलं होतं. पूर्वी तो ज्या खुर्चीत पाय पसरून बसायचा तिच्या कडेवर टेकून बसला. सासूबाईंनी चहा केला. मी कामावरचे कपडे इस्त्री करत होते, ते तसंच चालू ठेवलं.

"बॅग कुठाय आई? उशीर नको करायला, घाटात गाड्या तुंबतात."

"मी येत नाही."

"म्हणजे? बोलणं झालं होतं ना आपलं?"

"झालं होतं. आता नाही येत."

"अगं, नातवासाठी तरी. तो हसायला लागलाय आता. दात येताहेत त्याला."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर ते ऐकून जे आलं ते मी बघितलं, आणि इस्त्री उचलून बाजूला ठेवली. आता त्या हो म्हणतील असं मला वाटलं.

"बघायला येईन," त्या म्हणाल्या. "जावळाला बोलाव. दोन दिवस राहीन. कायमची नाही येणार."

श्रीरंगनं माझ्याकडे तोंड वळवलं. "तू काय भरवलंस हिच्या डोक्यात?"

"राहा म्हणाले."

"का? उद्या अंथरुणाला खिळली तर तू करणार आहेस? तुझी कोण लागते ती?"

सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. सकाळी त्या उठून बाहेर गेल्या होत्या. आता गेल्या नाहीत.

"चहा गार होतोय," मी श्रीरंगला म्हणाले.

तो आणखी थोडा वेळ बोलला. घर मोठं आहे, तिच्यासाठी वेगळी खोली आहे, लोक काय म्हणतात. मग उठला. सासूबाईंनी लाडवांचा डबा आणून त्याच्या हातात दिला. "तिला दे. अंगावर पाजते ना? रोज सकाळी एक खा म्हणावं." त्या बाईचं नाव त्यांनी तेव्हा घेतलं नाही आणि नंतरही कधी घेतलं नाही. पण लाडू तिच्यासाठीच केलेले होते.

गाडी वळेपर्यंत त्या गॅलरीत उभ्या होत्या. वळल्यावरही बराच वेळ उभ्या होत्या. मी हाक मारली नाही. अंधार पडायला लागला तेव्हा त्या आपण होऊन आत आल्या आणि म्हणाल्या, "त्या हॉस्टेलवाल्या बाईला उद्या आठवणीनं कळव. कुणी गरजू वाट बघत असेल."

एक तारखेला आम्ही दशपुत्र्यांच्या मागच्या घरात राहायला गेलो. जावळाला सासूबाई वापीला गेल्या, म्हटल्याप्रमाणे दोन दिवसांनी परत आल्या, नातवाचा एक फोटो आणला आणि कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला. दशपुत्रेबाई बाहेर जायच्या तेव्हा सासूबाई पुढच्या खोलीत जाऊन त्यांच्या मिस्टरांजवळ बसायच्या आणि त्यांना सटाण्याच्या गोष्टी सांगायच्या. ते बोलू शकत नव्हते, पण त्यांना सासूबाईंच्या येण्याची वेळ कळायला लागली होती म्हणे. ती चुकली की दाराकडे बघत राहायचे. आम्ही त्या घरात फार वर्षं राहिलो. दशपुत्र्यांचे मिस्टर गेले, मग सासूबाईही तिथूनच गेल्या. मी अजून तिथंच आहे.

पण मला आठवते ती पहिली संक्रांत. राहायला येऊन आठ-पंधरा दिवस झाले होते. मी कामावरून येऊन मागच्या पायरीवर पाय लांब करून बसले होते. शेजारच्या बंगल्यातल्या बाई कुंपणाशी आल्या, सासूबाईंच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मुलगी का तुमची?"

"नाही. सून."

"अय्या, हो का? मला मुलगीच वाटली. किती मुलीसारखं आहे तुमचं!"

सासूबाईंनी तिळगुळाचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला.

"मुलगी असती तर सासरी गेली असती," त्या म्हणाल्या. "ही सून आहे."